आकाशातील शब्दप्रमाण

आपल्या न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला ‘शब्द’ हे चौथे प्रमाण मानले आहे. मात्र हा शब्द कोणाचाही चालत नाही. तो आप्ताचा असावा लागतो. ज्याने वस्तू जशी आहे तशी जाणली आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्यास सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. ज्ञान आणि सचोटी अशा या दोन अटी आहेत. यांपैकी एक जरी ढळली तरी शब्द प्रमाण राहत नाही.

दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा विचार आज कोठे कसाला लागत असेल, तर तो आधुनिक विमानाच्या चालककक्षात. पावसाळी रात्री सह्याद्रीच्या माथ्यावरून मुंबईकडे उतरणाऱ्या वैमानिकाला डोंगर दिसत नाही आणि धावपट्टीही दिसत नाही. त्याच्यापुढे एक पडदा असतो आणि त्यावर एक रेघ. ती रेघ हेच त्याचे शब्दप्रमाण. मागे बसलेले दीड-दोनशे प्रवासी त्या रेघेच्या भरवशावर निर्धास्त झोपलेले असतात. ती रेघ काढणारा आप्त आहे काय, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही. विमानप्रवास आता मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आवाक्यात आला असल्याने तो आपणा सर्वांचा आहे. शिवाय त्याला राष्ट्रीय सुरक्षिततेची एक गंभीर बाजूही आहे.

रेघेमागची साखळी

ही रेघ दोन प्रकारच्या माहितीतून तयार होते. पहिली माहिती ‘काय कोठे आहे’ याची. धावपट्ट्या, मार्गबिंदू, जमिनीवरील रेडिओ दीपस्तंभ, उतरण्याच्या ठरावीक वाटा आणि किमान सुरक्षित उंची या साऱ्यांचा एक माहितीकोश विमानाच्या संगणकात भरलेला असतो. दुसरी माहिती ‘मी कोठे आहे’ याची. ती मुख्यतः उपग्रहांच्या संकेतांवरून आणि विमानातीलच जडत्वाधारित यंत्रणेवरून मिळते. या दोन्ही माहिती खऱ्या असतील तरच रेघ खरी.

माहितीकोशाचा प्रवास लांबचा आहे. प्रथम जमिनीवर मोजणी होते. आपल्याकडे भारतीय विमानतळ प्राधिकरण ती माहिती अधिकृतरीत्या प्रसिद्ध करते. मग काही मोजक्या कंपन्या जगभरच्या देशांची अशी प्रकाशने गोळा करून, ती संगणकाच्या सांकेतिक भाषेत बसवून विमान कंपन्यांना विकतात. दर २८ दिवसांनी, जगभर एकाच गुरुवारी, नवी आवृत्ती अमलात येते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने या माहितीच्या अचूकतेच्या श्रेणी ठरवून दिल्या आहेत. त्यांतील सर्वाधिक नाजूक श्रेणीतील माहिती वाटेत बिघडण्याची शक्यता दहा कोटींत एकाहून अधिक असू नये, असा दंडक आहे. दंडक उत्तमच आहे. परंतु साखळीच्या प्रत्येक कडीशी शेवटी माणूसच बसलेला असतो.

संगणकापूर्वी आणि संगणकानंतर

संगणक येण्यापूर्वी सर्व आलबेल होते, असे मुळीच नाही. ७ जुलै १९६२ च्या रात्री बँकॉकहून मुंबईस येणारे अ‍ॅलिटालिया कंपनीचे विमान पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले आणि ९४ जण मृत्युमुखी पडले. आपण मुंबईच्या प्रत्यक्षात होतो त्यापेक्षा अधिक जवळ आहोत, अशी वैमानिकाची समजूत झाली आणि त्याने वेळेआधीच विमान खाली आणले, असा चौकशीचा निष्कर्ष होता. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे विमान माँ ब्लाँ शिखराजवळ कोसळले. भारताच्या अणुकार्यक्रमाचे शिल्पकार डॉ. होमी भाभा त्या ११७ जणांत होते. विमानातील एक दिशादर्शक ग्राहकयंत्र नादुरुस्त होते आणि शिखराच्या संदर्भात आपण कोठे आहोत याचा वैमानिकाचा हिशेब चुकला होता. जमिनीवरील नियंत्रकाच्या रडारने ती चूक हेरलीही. पण त्याने दिलेल्या सूचनेचे शब्द पुरेसे नेमके नव्हते आणि वैमानिकाने त्यांचा भलताच अर्थ घेतला. एका सैल वाक्याची एवढी किंमत राष्ट्राला मोजावी लागली.

संगणकाने असे हिशेबाचे प्रमाद पुष्कळ कमी केले. आजचा विमानप्रवास पन्नास वर्षांपूर्वीच्या तुलनेत कितीतरी सुरक्षित आहे आणि त्याचे मोठे श्रेय याच साधनांना जाते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. मात्र जुनी चूक एका माणसाची आणि एका रात्रीची असे. माहितीकोशातील चूक महिनोन् महिने स्वस्थ पडून राहते आणि सगळे तिला सत्य मानून चालतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण न्यूझीलंडचे आहे. एअर न्यूझीलंडचे डीसी-१० विमान २८ नोव्हेंबर १९७९ रोजी ऑकलंडहून अंटार्क्टिकाच्या दर्शनासाठी निघाले. कंपनीच्या जमिनीवरील संगणकात अखेरच्या मार्गबिंदूचे रेखांश आदल्या वर्षी टंकनाच्या चुकीने बदलले गेले होते. त्यामुळे कागदावरचा मार्ग डोंगरावरून न जाता मॅकमर्डोच्या सपाट, गोठलेल्या सामुद्रधुनीवरून जात असे. वैमानिकांना पूर्वतयारीच्या वेळी हाच मार्ग दाखवला गेला होता. उड्डाणाच्या आदल्या रात्री कोणीतरी ते आकडे ‘दुरुस्त’ केले, पण ही गोष्ट वैमानिकांना सांगितली नाही. रेघ सुमारे ५० किलोमीटर सरकली आणि ३,७९४ मीटर उंचीच्या माउंट एरेबसवर जाऊन टेकली. ढग आणि बर्फ यांच्या एकसारख्या पांढरेपणात समोरचा उतार कोणालाच दिसला नाही. विमानातील २५७ जणांपैकी एकही वाचला नाही.

येथे दुरुस्ती बरोबर होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. चूक होती ती न सांगण्याची. पहिल्या चौकशीने दोष प्रामुख्याने वैमानिकांवर ठेवला. मृत माणसे उलट साक्ष देत नाहीत. पुढे १९८१ मध्ये न्यायमूर्ती पीटर महोन यांच्या आयोगाने वैमानिकांना दोषमुक्त ठरवले आणि त्यांना न कळवता मार्ग बदलणे हेच अपघाताचे प्रमुख कारण मानले. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी सत्य दडपण्याचा संगनमताने प्रयत्न केला, हा त्यांचा शेरा पुढे वरच्या न्यायालयांनी अधिकाऱ्यांना बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नाही, या कारणावरून टिकू दिला नाही. तथापि ४० वर्षांनी, २०१९ मध्ये, त्या देशाच्या पंतप्रधानांना मृतांच्या कुटुंबीयांची जाहीर क्षमा मागावी लागली. आप्ताची पहिली अट पुरी झाली होती. योग्य आकडा कोणाला तरी ठाऊक होता. दुसरी अट, म्हणजे सांगण्याची तळमळ, मात्र कोणातच नव्हती.

२० डिसेंबर १९९५ रोजी कोलंबियातील काली शहराकडे उतरणाऱ्या अमेरिकन एअरलाइन्सच्या बोइंग ७५७ ची कथा याहून वेगळी, पण तितकीच बोधप्रद आहे. वैमानिकांच्या छापील नकाशावर ‘रोझो’ या दीपस्तंभाची खूण ‘आर’ हे एकच अक्षर होती. त्यांनी संगणकात ‘आर’ टाइप केले. परंतु माहितीकोशात त्या अक्षराने पुढे येणारा दीपस्तंभ होता बोगोटाजवळचा ‘रोमिओ’, म्हणजे २०० किलोमीटरहून अधिक दूरचा. रोझो हवा असेल तर चारही अक्षरे लिहावी लागत. पडद्यावरचे नाव पडताळून न पाहता आज्ञा दिली गेली, विमान अंधारात पूर्वेकडे वळले आणि डोंगरावर आदळले. १६३ पैकी १५९ जण मरण पावले. दोष वैमानिकांचा होताच. पण २००० साली अमेरिकेतील ज्युरीने जबाबदारीची वाटणी करताना ७५ टक्के विमान कंपनीवर, १७ टक्के माहितीकोश पुरवणाऱ्या जेपसेनवर आणि ८ टक्के संगणक बनवणाऱ्या हनीवेलवर ठेवली. नकाशा आणि माहितीकोश एकाच गोष्टीला दोन वेगळी नावे देत असतील, तर त्या विसंगतीलाही दोषी धरले जाऊ शकते, हे त्यातून स्पष्ट झाले.

आकडा भरणाऱ्याच्या बोटाची चूक किती दूर नेते, हे मार्च २०१५ मध्ये सिडनीत दिसले. एअरएशिया एक्सच्या वैमानिकाने उड्डाणापूर्वी रेखांश १५१ अंशांऐवजी १५ अंश असा भरला. विमान उभे होते सिडनीत, संगणकाला मात्र ते ११,००० किलोमीटरहून दूर असल्याचे वाटले. उड्डाणानंतर एकेक यंत्रणा गोंधळू लागली आणि क्वालालंपूरला निघालेले विमान मेलबर्नला उतरवावे लागले. कोणास इजा झाली नाही, कारण तेथे वाट दाखवायला नियंत्रक होते आणि उतरायला दुसरे विमानतळ होते.

तोतयाचे बंड

आतापर्यंतच्या घटनांत दोष अनवधानाचा होता. गेल्या काही वर्षांत मात्र जाणूनबुजून खोटे सांगणारा शत्रू आकाशात अवतरला आहे. उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर असतात आणि त्यांचा संकेत जमिनीजवळ येईपर्यंत अत्यंत क्षीण होतो. तो गोंगाटात बुडवणे ही एक युक्ती. त्याहून घातक युक्ती म्हणजे हुबेहूब त्याच्यासारखा खोटा संकेत पाठवणे, ज्यास ‘स्पूफिंग’ म्हणतात. पहिल्या प्रकारात यंत्र ‘मला कळत नाही’ असे सांगते. दुसऱ्यात ते आत्मविश्वासाने खोटे बोलते.

मराठी माणसाला हा प्रकार नवा वाटू नये. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला तेव्हा भलेभले फसले. १७७६ मध्ये तर त्याने कोकणात किल्लेही ताब्यात घेतले. चेहरेपट्टी जुळते म्हणून माणूस खरा, असे मानणाऱ्यांनी त्याला बळ दिले. पुणे दरबाराने मात्र खुणा आणि साक्षी पडताळून त्याला तोतया ठरवले होते, म्हणूनच अखेर दौलत बचावली. संकेताचेही तसेच आहे. तो सारखा दिसतो एवढे पुरेसे नाही. दुसरा स्वतंत्र साक्षीदार हवा.

सप्टेंबर २०२३ पासून इराक-इराण सीमेवरील हवाई मार्गावर अशा घटनांचे वृत्त येऊ लागले. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमान कंपन्यांना सावधगिरीचे परिपत्रक काढले. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात देशाच्या सीमाभागात अशा ४६५ घटनांची नोंद झाली आणि त्यांतील बहुतेक अमृतसर व जम्मू भागातील होत्या, अशी माहिती सरकारने संसदेत दिली. २०२५ च्या भूकंपानंतर म्यानमारला मदत घेऊन जाणाऱ्या आपल्या वायुदलाच्या विमानांनाही खोट्या संकेतांचा सामना करावा लागला. वैमानिकांनी तत्काळ जडत्वाधारित यंत्रणेचा आश्रय घेऊन कामगिरी पार पाडली. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर प्रत्यक्ष राजधानीत, दिल्लीच्या धावपट्टी १० कडे उपग्रहाधारित पद्धतीने उतरणाऱ्या काही विमानांना हा अनुभव आला. ज्या धावपट्ट्यांवर जमिनीवरील पारंपरिक यंत्रणा चालू होती तेथील वाहतूक बाधित झाली नाही, असे मंत्रिमहोदयांनी संसदेत सांगितले. या एका वाक्यात सारा बोध सामावला आहे.

आणखी एक धोका लक्षात घेतला पाहिजे. समोर डोंगर आहे असा इशारा देणारी यंत्रणा कालीच्या अपघातानंतर जगभर झपाट्याने स्वीकारली गेली. ही यंत्रणासुद्धा भूप्रदेशाच्या माहितीकोशावर आणि उपग्रहाने सांगितलेल्या स्थानावरच विसंबते. स्थान खोटे असेल तर ती सपाट समुद्रावरही डोंगराचा आकांत करते. चार वेळा खोटी हाक ऐकलेला वैमानिक पाचव्या वेळी खऱ्या हाकेकडे दुर्लक्ष करील, ही भीती अनाठायी नाही. पहारेकरी आणि मालक एकाच खबऱ्याचे ऐकत असतील, तर पहारा नावापुरताच उरतो.

दुसऱ्याच्या घड्याळावर आपली वेळ

ज्या जीपीएसवर हे सारे उभे आहे ती अमेरिकेच्या संरक्षण खात्याची निर्मिती आहे. १ सप्टेंबर १९८३ रोजी मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियन प्रवासी विमान पाडले गेले आणि २६९ जण ठार झाले. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी ही सेवा नागरी वापरासाठी खुली करण्याची घोषणा केली. तरी २००० सालापर्यंत नागरी संकेत हेतुपुरस्सर कमी अचूक ठेवला जात असे. ही उदारता आहे, हक्क नव्हे. कारगिलच्या युद्धानंतर स्वतःची यंत्रणा असण्याची निकड आपल्याला प्रकर्षाने जाणवली, ती उगीच नाही.

त्या दिशेने आपण पावले टाकली आहेत. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण यांनी उभारलेली ‘गगन’ प्रणाली जीपीएसच्या संकेतातील दोष तपासून तो सुधारते. अशी प्रणाली असलेल्या जगातील मोजक्या देशांत आपण आहोत. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगढ येथे इंडिगोचे विमान ‘गगन’च्या साहाय्याने यशस्वीपणे उतरले. मात्र ‘गगन’ मूळ संकेत अमेरिकेचाच वापरते. खऱ्या अर्थाने स्वतःची म्हणावी अशी यंत्रणा म्हणजे ‘नाविक’. तिची वाटचाल अभिमानाची आहे तशीच आत्मपरीक्षणाची आहे. पहिल्या उपग्रहांतील परदेशी आण्विक घड्याळे बंद पडली. २०१७ मध्ये पाठवलेला पर्यायी उपग्रह प्रक्षेपकाच्या आवरणातच अडकला. मे २०२३ मध्ये स्वदेशी घड्याळ घेऊन एनव्हीएस-०१ यशस्वीपणे गेला. पण जानेवारी २०२५ मधील एनव्हीएस-०२ नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. वैज्ञानिकांच्या जिद्दीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु कार्यरत उपग्रहांचा संच पुरेसा झाल्याखेरीज ‘आमची स्वतःची प्रणाली आहे’ हे विधान व्यासपीठावर शोभते, चालककक्षात चालत नाही.

माहितीकोशाबाबत तर आपण याहून परावलंबी आहोत. आपल्याच देशात मोजलेली, आपल्याच प्राधिकरणाने प्रसिद्ध केलेली माहिती मोजक्या पाश्चात्त्य कंपन्यांच्या हातून संगणकीय रूप घेऊन आपल्याला विकत परत मिळते. कच्चा कापूस पाठवून मँचेस्टरचे कापड विकत घेण्याचा जुना व्यवहार याहून फार वेगळा नव्हता. नोव्हेंबर २०२२ मध्ये जेपसेनच्या संगणकयंत्रणेत सायबर बाधा आली तेव्हा वैमानिकांना द्यायच्या सूचनांचे काम विस्कळीत झाले आणि काही उड्डाणे खोळंबली. जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांचे निमित्त होऊन मायक्रोसॉफ्टने भारतातील नायरा एनर्जी या तेल कंपनीच्या सेवा काही काळ थांबवल्या. कंपनीला न्यायालयात धाव घ्यावी लागली. उद्या हेच विमानांच्या माहितीकोशाबाबत घडणार नाही, याची हमी कोण देणार?

करावे काय?

पहिली गोष्ट, जमिनीवरील दीपस्तंभ आणि धावपट्टीवरील मार्गदर्शक यंत्रणा जुन्या म्हणून मोडीत काढू नयेत. अशा यंत्रणांचे किमान जाळे कायम राखण्याचे धोरण सरकारने संसदेत सांगितले आहे. त्यास पुरेसा निधी व मनुष्यबळ मिळते की नाही, याकडे लक्ष हवे. दुसरी, ‘नाविक’चा संच निश्चित कालमर्यादेत पूर्ण व्हावा. तिसरी, विमानतळ प्राधिकरणाच्या माहितीपासून विमानात भरण्याजोगा माहितीकोश तयार करणारी भारतीय संस्था उभी राहावी. पुणे-बेंगळुरूचे अभियंते हे काम करू शकणार नाहीत, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. चौथी, चूक कळवणाऱ्याला शिक्षेचे भय नसावे. खोटा संकेत आढळल्यास दहा मिनिटांत कळवावे, हा महासंचालनालयाचा नवा दंडक स्वागतार्ह आहे.

येथे एक सावधगिरी आपण स्वतःस बजावली पाहिजे. स्वदेशी शिक्का मारल्याने चुकीचा आकडा बरोबर होत नाही. ज्या देशात राधानाथ सिकदर यांनी जगातील सर्वोच्च शिखराच्या उंचीचे गणित हाताने मांडले, त्या देशाने स्वतःच्या मोजणीकडे अधिक काटेकोरपणे पाहिले पाहिजे. मुंबई विमानतळाजवळील ४८ इमारतींचे उंचीच्या मर्यादेबाहेरील भाग पाडण्याचा आदेश जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला जिल्हाधिकाऱ्यांना द्यावा लागला. बेकायदा चढवलेला प्रत्येक मजला वैमानिकाच्या माहितीकोशाला तेवढ्यापुरते खोटे ठरवतो. तो मजला चढवणारा, त्यास डोळेझाक करणारा आणि तेथे सदनिका घेणारा, हे सारे आपल्याच समाजातील आहेत. २०२५ च्या डिसेंबरात नवी मुंबईचे विमानतळ सुरू झाल्यानंतर एकाच महानगरावर दोन विमानतळांच्या वाटा एकमेकींलगत आल्या आहेत. आता अशा ढिलाईला मुळीच वाव उरलेला नाही.

स्वावलंबन म्हणजे केवळ परक्याची वस्तू नाकारणे नव्हे. आपला शब्द जगाने आणि आपल्याच माणसांनी निःशंकपणे प्रमाण मानावा, अशी योग्यता अंगी बाणवणे हा त्याचा गाभा आहे. मोजणी करणाऱ्या कनिष्ठ कर्मचाऱ्यापासून संगणकात आकडा भरणाऱ्यापर्यंत प्रत्येकाने जाणले तेच सांगावे आणि बदलले तर कळवावे. राष्ट्राचे चारित्र्य अशाच न दिसणाऱ्या कामांत घडते. ते घडले, तरच पडद्यावरच्या त्या रेघेमागे खरा आप्त उभा राहील.